मंद आचेवरचा माघ

माघातली थंडी शहापुरात दुपारी विसरायला होते आणि दिवेलागणीला पुन्हा आठवण करून देते. यंदा ती आली त्याच सुमाराला आमच्या घरात एक नवं भांडं आलं. विजेवर चालणारं, जाड मातीच्या पोटाचं, वर काचेचं झाकण. सकाळी आत कोंबडी घालायची, बटण फिरवायचं आणि शाळेला निघून जायचं. संध्याकाळी येऊन साय आणि पास्ता घातला की जेवण तयार. डोळखांबकडच्या शाळेतून घरी पोचेपर्यंत माझा जीव अर्धा झालेला असतो, म्हणून ह्यांनी ते माझ्यासाठी मागवलं. सोबतच्या कागदावर एकच ताकीद ठळक छापलेली होती. झाकण सारखं उघडू नका.

पहिल्यांदा लावलं ते रविवारी, घरी असताना. ते कसं वागतं ते बघावं म्हणून. कांदा, लसूण, मिरी, कोंबडीचे तुकडे, वर थोडंसं पाणी. बटण सगळ्यात मंद खुणेवर. आणि मग मी दर थोड्या वेळाने उठून ओट्याशी जाऊ लागले. आवाज नाही, वाफ नाही, वास नाही. हात लावला तर भांडं नुसतं कोमट. मी झाकण उघडलं. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं.

"अगं, शिजतंय ते," हे पेपरातून मान वर न करता म्हणाले. "कोंबडी आता पळून जाणार नाही."

ह्यांचा स्वभाव असा की घराला आग लागली तरी आधी चहा संपवतील. माझं उलट आहे. मन चिंती ते वैरीही न चिंती, ही म्हण कोणीतरी माझ्याकडे बघूनच काढली असावी. जोराने पेटलेल्या आगीची मला भीती नाही, ती दिसते तरी. मला भीती वाटते ती मंद आचेची. ती चालू आहे की विझली, हे तिच्याकडे बघून कळत नाही. आणि ही भीती मी कुठून आणली ते मला पक्कं ठाऊक आहे.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या जरा अलीकडे. भाताची शेती होतीच, पण घर चालायचं ते घरामागच्या पोल्ट्रीवर. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना जाळी, जाळीवर गोणपाटाचे पडदे, खाली भाताच्या तुसाचा जाड थर. पिल्लं यायची ती एका दिवसाची, खोक्यांतून, पिवळीधमक. पहिले काही दिवस त्यांना आईची ऊब लागते आणि आई तर नसतेच. मग पत्र्याचं रिंगण करून त्यात बल्ब लावायचे. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज जायची तेव्हा सांगून जायची आणि यायची तेव्हा मात्र मर्जीने यायची. म्हणून बाबा भुशाच्या शेगड्या भरून ठेवायचे.

ही शेगडी म्हणजे पत्र्याचा एक रिकामा डबा, खाली भोक पाडलेलं. मधोमध बाटली उभी करायची, भोवती वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ठासून ठासून भरायचा, मग बाटली अलगद फिरवून वर काढून घ्यायची. मध्ये राहते ती पोकळी. खालून पेटवली की भुसा आतल्या आत धुमसत राहतो, ना ज्वाळा ना धडधड. नीट ठासली तर सकाळची शेगडी संध्याकाळपर्यंत जाते. कुठे भुसा सैल राहिला तर मध्येच ढासळते आणि गपकन विझते, आणि विझल्याचं कुणाला सांगत नाही. ते पिल्लांवरून ओळखायचं. ऊब पुरेशी असली की ती रिंगणभर पसरून टिपत असतात, बारीक चिवचिव चालू असते. थंडी वाजली की आवाज बदलतो, तीक्ष्ण होतो, आणि ती एकमेकांच्या अंगावर चढू लागतात. तळाची गुदमरून मरतात. बाबा अंगणात चहा पीत बसले तरी त्यांचा एक कान शेडकडे असायचा. तो कान त्यांनी मला दिला. तो अजून माझ्याकडेच आहे, त्याचं करायचं काय ते मात्र कळत नाही.

ज्या माघाबद्दल मी सांगते आहे, त्या माघात कोंबडी हा शब्दच लोकांना नको झाला होता. तिकडे गुजरातच्या सीमेला बर्ड फ्लू आल्याचं टीव्हीवर दाखवत होते. पांढऱ्या कपड्यांतली, तोंड बांधलेली माणसं खड्डे खणताना दिसायची. आमच्याकडे एकही पक्षी आजारी नव्हता. पशुवैद्यकीय खात्याची माणसं आली, शेड बघून, सगळं ठीक आहे म्हणून गेली. पण त्यांची गाडी दारात उभी असलेली गावाने बघितली, आणि ठीक आहे हे मात्र कुणी ऐकलं नाही.

आमच्या भागातली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. तो आमचा गुण म्हणा किंवा अवगुण. कुणी "तुमची कोंबडी नको" असं म्हणालं नाही. सगळे एकदम भाविक झाले, एवढंच. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, हे होतंच. आता बुधवारीही कुणाचा तरी नवस निघायचा. हाडांशिवाय ज्याचा घास हलत नसे असा आमचा शेजारी बाबांना सांगून गेला, "या महिन्याला जरा सोडलाय." बाबा हसले आणि बरं म्हणाले. आमच्या घरातही तेव्हा आई वालाचं बिरडं, सुकट, अंबाडीची भाजी असंच काहीबाही करायची, आणि कोंबडी का नाही असं आम्ही कुणी विचारत नव्हतो.

माझी थोरली बहीण वैशालीताई. तिचं लग्न दिवाळीत जवळपास ठरलं होतं. मुलगा मुरबाडच्या पलीकडचा, विलास नाव, हायवेवरच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी. ताईला तो आवडला होता. ती तसं म्हणाली नव्हती, पण तो बघायला येऊन गेल्यापासून तिने टिकल्यांचं पाकीट बदललं होतं आणि मला ते पुरेसं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात हे कोंबड्यांचं सुरू झालं आणि तिकडून निरोप आला, "घाई कशाला, उन्हाळ्यात बोलू." असा निरोप येतो तेव्हा उन्हाळा येत नसतो, हे आमच्या आईला माहीत होतं. बाबांनी मुरबाडला माणूस पाठवला, की एकदा येऊन जा, घर बघा, शेड बघा. विलासच्या आईने बरेच दिवस घेतले आणि मग येतो म्हणून कळवलं.

येतो म्हणजे जेवायला येतो. आमच्याकडे सोयरीक पानावर ठरते. पाहुणा जेवला तर जुळलं, नुसता चहा घेऊन उठला तर समजायचं. आणि पोल्ट्रीवाल्याच्या घरी जेवायचं म्हणजे काय जेवायचं, हे दोन्हीकडे सगळ्यांना कळत होतं. घरात पहिला वाद पडला तो यावरच. पाहुण्यांना गावठी कोंबडी करायची ही रीत. पण बाबा अडून बसले. "गावठी घातली तर बोलतील, बघा, सोताच्या शेडातली ह्यांना पन चालत नाय. आपलीच करायची."

दुसरी अडचण विलासच्या वडलांची. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं, तिखट बंद. म्हणजे रस्सा बाद. यावर तोडगा विलासनेच काढला. बाबांच्या मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त गोठ्यामागच्या चिंचेखाली, आणि त्या आठवड्यात ताई चिंचेखाली बरीच दिसली. पाककृती विचारायला, असं आईला सांगायचं होतं. विलास तिला रिसॉर्टमधला एक पदार्थ सांगत होता. कोंबडी मंद आचेवर तासन्‌तास शिजवायची, पांढऱ्या सॉसमध्ये साय घालून सोडायची, आणि शेवटी पास्ता. तिखट नाही, मसाला नाही, त्याच्या वडलांना चालेल असा. शिवाय टीव्हीवर सांगतच होते की नीट शिजवलेल्या कोंबडीला काही धोका नाही. दिवसभर शिजवलेल्या कोंबडीला मग कोण नाव ठेवणार? पास्त्याचं पाकीट त्याने शहापूरला येणाऱ्या मित्राकडून पाठवलं. आम्ही पाकीट उघडून बघितलं. पिवळट, कडक, पोकळ नळ्या. आईने एक दाताखाली धरली आणि परत काढून ठेवली.

"आनि दुधात कोंबडी?" ती म्हणाली. "अंगावर कोड फुटलं मंग? आधीच पोरीचं जमंना, त्यात ह्यो पांढरा डाग."

"आई, तिकडं मोठी मोठी लोकं खातात."

"खाऊ देत. त्यांना पोरी उजवायच्या नसतील."

आईचं चुकत होतं असं आज मला ठामपणे म्हणता येतं, तेव्हा येत नव्हतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, विज्ञान शिकत होते, आणि तरी त्या आठवड्यात रोज आंघोळीच्या वेळी ताईची पाठ निरखून बघायचे. तिने तोवर ते काही खाल्लंसुद्धा नव्हतं.

आता ओट्यावरचं भांडं मला विचारतं, इतकी साधी गोष्ट होती ना, बाई? कोंबडी, साय, पास्ता. होय, साधीच. दुकानात नळ्या मिळतात, शंख मिळतात, फुलपाखरं मिळतात. आमच्या वर्गातल्या मुलीसुद्धा डब्यात आणतात. पण मी सायीची वाटी हातात घेतली की ती तशीच धरून ओट्याशी उभी राहते आणि ह्यांना वाटतं मला भूक लागली आहे.

तो रविवार निवडण्यात आम्ही फार अक्कल चालवली होती. कॅलेंडर समोर ठेवून, त्या दिवशी संकष्टी नाही, एकादशी नाही, कुठला वार नाही, हे बघून घेतलं. उपवासाची एकही फट पाहुण्यांना ठेवायची नाही. सकाळीच बाबांनी एक जास्तीची शेगडी ठासली, शेडसाठी नाही, ताईसाठी. ती मागच्या पडवीत ठेवली. पातेल्यात कोंबडी, कांदा, लसूण, मिरी, आणि झाकणाच्या कडेला कणीक लावून बंद. त्याच आठवड्यात शेडमध्ये नवी पिल्लं आली होती. म्हणजे एक शेगडी पिल्लांना ऊब देत होती आणि दुसरी शेगडी कोंबडी शिजवत होती. या विचाराने मला कसंतरी होत होतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. ते दोन्ही शेगड्यांच्या भुशात सारख्याच काळजीने बोट घालून बघत होते.

दिवसभर मी शेड आणि पडवी, पडवी आणि शेड अशा फेऱ्या घातल्या. पातेल्याशी कान लावला की आतून अधूनमधून एखादा बुडबुडा ऐकू यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. विझली का? कणीक फोडून बघावं का? ताई म्हणाली, "हात लावू नको, संगे. तो बोललाय उघडायचं नाय." तो बोललाय म्हणताना तिचा आवाज जरा बदलला. मग ती स्वतःच पातेल्याशी उकिडवी बसली आणि उठेचना.

दुपार कलल्यावर शेअरची जीप पाहुण्यांना सोडून गेली. विलास, त्याचे वडील, त्याची आई. रात्री परतायला गाडी नसते, म्हणून मुक्कामाच्या तयारीनेच आले होते. विलासची आई उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. तिने अंगण बघितलं, गोठा बघितला, शेड लांबूनच बघितली. बाबा तिला आत नेत होते, पण ती जाळीशी थांबली. "नको, पिल्लांना बाधंल," म्हणाली. ते पिल्लांच्या काळजीने की स्वतःच्या, ते कळायला मार्ग नव्हता.

अंधार पडता पडता वीज गेली. ओटीवर बत्ती लावली, स्वयंपाकघरात कंदील. ताईने कणीक फोडली आणि झाकण उचललं. कोंबडी हाडावरून सुटायला आली होती. लोण्यावर मैदा भाजला, दूध घातलं, गुठळ्या मोडल्या. सॉस कोंबडीत घातला, आणि साय अगदी शेवटी, कारण आधी घातली तर फुटते असं तो म्हणाला होता. मग उकडलेल्या नळ्या. कंदिलाच्या उजेडात ते सगळं फारच पांढरं दिसत होतं. आईने वरून कोथिंबीर घातली, ताई नको नको म्हणत असतानाही.

पंगत ओटीवर मांडली. ताटं वाढली, बाजूला तांदळाची भाकरी. बाबा हातात पळी घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "घ्या. सुरू करा."

विलासची आई म्हणाली, "तुमी बसा ना, भाऊ."

"आमी घरचीच मानसं. तुमी घ्या आधी, आमी मागनं बसतो."

"नाय, बसा की. संगतीच जेवू."

"तसं कसं? मुलीचा बाप. रीत हाय."

ती हसली, बाबा हसले. ताटाला कुणी हात लावला नाही. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि मला आधी हे नेहमीचं आग्रहाचं बोलणं वाटलं. आमच्याकडे मुलीचा बाप पाहुण्यांच्या पंगतीला बसत नाही. तो वाढतो, आग्रह करतो, पाहुणे उठले की मग बसतो. आजोबांनी तसंच केलं, त्यांच्या वडलांनी तसंच. पण ती पुन्हा म्हणाली, "बसा ना, भाऊ," आणि या वेळी हसली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आम्ही वार बघितला, तिथी बघितली, तिखट टाळलं, दिवसभर शिजवलं. फक्त एवढं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की पाहुणे बघायला आलेत ते पोल्ट्रीवाला आपली कोंबडी स्वतः खातो का, आणि रीत अशी की त्याने ती त्यांच्यासमोर खायची नाही.

बाबांनाही ते कळलं असावं. त्यांच्या हातातली पळी खाली आली. आता बसले तर रीत मोडली, आणि बसले ते परीक्षा द्यायला बसले असं होणार. न बसावं तर पाहुणे उपाशी उठणार. विलासचा हात ताटाकडे गेला. त्याच्या आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि हात परत मांडीवर आला. ते ताईने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, मला धीर झाला नाही. विलासचे वडील मान खाली घालून ताटातल्या नळ्यांकडे बघत होते. सॉस आळत चालला होता, नळ्या फुगत होत्या, आणि बाहेर शेडमध्ये पिल्लांचा आवाज जरासा चढला की काय, असं मला वाटत होतं. जावं की थांबावं ते कळत नव्हतं. आजही वर्गात मुलं एकदम गप्प झाली की मला ती पंगत आठवते.

मग ताई बाहेर आली. बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीने बोलावल्याशिवाय यायचं नसतं, जेवायला बसायचं तर सोडूनच द्या. तिने एक ताट घेतलं, पातेल्यातून स्वतः वाढून घेतलं, पदर खोचला आणि विलासच्या आईच्या शेजारी, पंगतीतच, मांडी घालून बसली. घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घास कोंबडीचा घेतला, हाड धरून. आत आईने पदराचा बोळा तोंडावर धरला. ताई कुणाकडे बघत नव्हती, ती फक्त जेवत होती, सावकाश, आणि तिचे कान लाल झाले होते.

विलासच्या आईने तिच्या ताटाकडे नाही, तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं.

"मीठ कमी हाय का गो?" ती म्हणाली.

ताईने घास गिळला. "हाय जरा."

"मंग आन जा. आनि येताना बापालाबी ताट आन. रीत तू मोडलीसच हाय आता."

विलासचे वडील एवढा वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसे हसले आणि त्यांनी भाकरी मोडली. ताई उठून आत आली. फडताळाशी अंधार होता, तिला मिठाची बरणी सापडेना. सापडली तर फिरकीचं टोपण निघेना. मी तिच्या हातातून ती घेतली तर टोपण सैलच होतं. बाहेर बाबांसाठी पाट सरकल्याचा आवाज आला. मी वाटीत मीठ काढलं आणि हळूच विचारलं, "ताई, त्यांची भीती वाटली?"

"त्यांची नाय गो," ती म्हणाली. "कोंबडीची. महिना झाला, मला पन भ्याच वाटतंय."

मग तिने डोळे पुसले, मिठाची वाटी घेतली, बाबांचं ताट घेतलं आणि उरलेलं जेवायला बाहेर गेली.